पश्चिमेच्या भिंतीतला कोनाडा

"ह्यो कोनाडा बुजवला की भिंत कशी सरळ हुतीय बघा," मिस्त्री आत कुणाला तरी सांगत होता. मी चर्चच्या दारात चपला काढत होते. आत अक्का उभ्या होत्या, दोन्ही हातांत टाइलचे नमुने. अक्का म्हणजे आमच्या मिशन शाळेच्या निवृत्त बाई. शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि रोजची प्रार्थना याच चर्चमध्ये व्हायची.

चर्च आधी मशीद होतं. गावात हे कुणी लपवत नाही, मुद्दाम सांगतही नाही. बहमनी काळातली, काळ्या दगडाची, तीन कमानींची. ती ओस पडली होती, आत शेळ्या बांधत, तेव्हा मिशनच्या लोकांनी प्रार्थनेला मागून घेतली, एवढंच अक्कांना त्यांच्या आजीकडून कळलेलं. हौदात माती भरून शेवंती लावली. बुटक्या मिनारावर घंटा टांगली. मक्केकडच्या भिंतीतला कोनाडा तेवढा तसाच राहिला. त्यात क्रूस ठेवला, म्हणून बाकंही पश्चिमेकडे तोंड करून.

सहावीत माझ्यावर वाचनाची पाळी आली. सगळ्या शाळेसमोर माझा आवाज फुटेना. मागून ऐकू येत नसल्याची कुजबुज सुरू झाली. लाजेनं मी पाठ फिरवली आणि कोनाड्यात तोंड घालून भराभरा वाचून टाकलं. मागं एकदम शांत झालं. माझं पुटपुटणं शेवटच्या कमानीपर्यंत स्पष्ट गेलं होतं. बांधणाऱ्यांनी तो त्यासाठीच तसा बांधलाय, अक्कांनी नंतर सांगितलं. त्यांचा नमाज पढवणारा भिंतीकडंच तोंड करून उभा राहायचा. पुढं माझ्या पाळीला मला पाठ फिरवायची मुभा मिळाली. इतका मोठा माझा आवाज पुन्हा कुठंच झाला नाही, कडगंचीच्या विद्यापीठातल्या वर्गातही नाही.

आता माइक आलाय. कोनाड्यात ओल येते, चुन्याचे पोपडे क्रूसावर पडतात. म्हणून विटा रचून वरून टाइल, नाताळच्या आत. यात चूक काय काढणार? चर्च त्यांचं. मी यांच्यातली नाही, आधीच्यांतलीही नाही. राहू द्या, असं कुणाच्या वतीनं म्हणायचं, तेच कळेना. मनात जी वाक्यं जुळली ती सगळी इंग्रजीत होती.

"कामून गप झालीस गं?" अक्का म्हणाल्या, आणि मिस्त्रीकडे वळून हसल्या. "ही पोर भिंतीसंगं बोलायची, मानसासंगं न्हाई."

मिस्त्रीही हसला. त्यानं विटांची पहिली ओळ लावली होती. सिमेंट अजून ओलं होतं.

अक्कांनी दोन्ही तुकडे माझ्यापुढं धरले. एक पांढरा, एक साईच्या रंगाचा. "तू शिकलेली हायस. तूच सांग, कंची लावावी?"

मी काहीतरी बोलले. मिस्त्रीला ऐकू गेलं नाही. त्यानं थापी खाली ठेवून पुन्हा विचारलं.

"पांढरी," मी जरा मोठ्यानं म्हणाले. "पांढरी बरी दिसेल."