कपाळावरची खपली

भावाच्या कपाळावरची खपली दाखवायला पुण्याला कातडीच्या डॉक्टरांकडे चाललोय, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. खरं म्हणजे मी गेलो ते माझ्या स्वतःच्या गालांसाठी. हे आजवर कुणालाच बोललो नाही. बायकोलाही नाही.

बायको पुण्यात मुलाकडे असते, नातवाला सांभाळायला. मी भोरला एकटा. नोकरीची थोडी वर्षं उरली आहेत. संध्याकाळी कुलूप काढून आत आलं की समोर कोण, तर आरसा. त्यात बघता बघता गालांवर वांग दिसायला लागले, डोळ्यांखालची कातडी सैल पडली. व्हिडिओ कॉलवर नातू एकदा म्हणाला, "आजोबा, तोंड पुसा ना, मळलंय." सगळे हसले, मीही हसलो. फोन ठेवल्यावर साबणाने तोंड धुतलं. मग मेडिकलमधून एक क्रीम आणून कपाटात बनियनांच्या घडीखाली ठेवलं. घरात दुसरं माणूस नाही आणि मी ते लपवत होतो.

क्रीमने काही होईना. पण या वयात पुरुषाने एकट्याने असल्या दवाखान्यात जायचं म्हणजे लाज वाटली. म्हणून भावाला बरोबर घेतलं.

तो वेल्ह्याकडे गावी शेती करतो. माझ्याहून चार वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा मी बारावीला आणि तो आठवीत. त्याची शाळा सुटली, माझी राहिली. तेव्हापासून ऊन त्याच्या वाट्याला आणि पंख्याखालची खुर्ची माझ्या. उन्हाळ्यात भाताचा राब भाजायचा, म्हणजे रोपं करायच्या जागेवर शेण आणि पालापाचोळा पसरून पेटवायचं. वरून ऊन, समोरून जाळ, आणि हा मध्ये उभा. कपाळाच्या कडेला खरखरीत खपली धरली तेव्हा तो म्हणाला, "राबाची ठिणगी उडाली आसंल." तिला करंजाचं तेल लावायचा आणि आंघोळीला टाचा घासायच्या वजरीनं घासायचा. निघायची, रक्त यायचं, परत धरायची. मी दोन उन्हाळे नुसतं बघत होतो.

त्या दिवशी तो नसरापूर फाट्यावर एसटीत चढला, धुतलेली टोपी घालून. दवाखान्यात काउंटरवरची मुलगी मला म्हणाली, "सर, बाबांना तिकडे बसवा. इथे एसीचा झोत येतो."

भावाचे पुढचे दात गेलेत, केस पांढरे, मानेवर सुरकुत्यांच्या चौकटी पडल्यात. मी "हो" म्हणालो. तो माझा धाकटा भाऊ आहे असं म्हटलं असतं, तर तिने आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघितलं असतं. ते मला नको होतं. भाऊ उठला आणि तिने दाखवलेल्या खुर्चीत जाऊन बसला.

डॉक्टरांनी आधी मला बघितलं. सकाळी सनस्क्रीन, रात्री मलम. फारच वाटलं तर औषधाने वरची कातडी सोलून काढता येते, त्याच्या पुढे लेझर. "पण तुमची त्वचा वयाच्या मानाने चांगली आहे," ते म्हणाले. "उन्हात काम केलेलं दिसत नाही."

मग भावाकडे वळले. "बाबा, वय किती तुमचं?"

भावाने माझ्याकडे बघितलं. मी टेबलाच्या काचेकडे.

"पंच्याहत्तर धरा की," तो म्हणाला.

तो बावन्न वर्षांचा आहे.

डॉक्टरांनी भिंग लावून खपली बघितली. "उन्हाने होतं हे. गोठवून काढता येते, तुकडा काढून तपासताही येतो. तरुण माणूस असता तर आजच तुकडा काढला असता. या वयात उगाच कापाकापी नको. मलम देतो. घासायचं बंद, ऊन टाळायचं. नाही गेली तर परत या."

"ऊन टाळायचं म्हंजी? म्हशींला सांगू का, सावलीतच चरा म्हनून?"

डॉक्टर मोठ्याने हसले. मला म्हणाले, "मजेशीर आहेत हो तुमचे वडील."

मीही हसलो आणि दोघांच्या चिठ्ठ्या खिशात घातल्या.

परत येताना एसटीत माझ्या अंगावर ऊन यायला लागलं. कात्रज मागे पडलं होतं. भाऊ म्हणाला, "दादा, तुमी हिकडं सरा. मी बसतो खिडकीला."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. एरवी वाक्यावाक्याला दादा म्हणणाऱ्या या माणसाने दवाखान्यात मला एकदाही दादा म्हटलं नव्हतं.

"वय असं का सांगितलंस?" मी विचारलं.

"तुमी हो म्हनला व्हता ना. मग मी बी दिलं जुळवून." खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर ओढून तो हसला. "आन् तुमचा बाप व्हायचं म्हंजी साठीत भागलं नसतं, दादा."

त्याच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. तो नसरापूरला उतरला, वेल्ह्याच्या जीपकडे चालत गेला. भोर येईपर्यंत मी सावलीतल्या त्याच जागेवर बसून होतो. शेजारची सीट रिकामी राहिली.

त्याचं मलम संपलं. खपली गेली नाही, उलट आता तिच्या कडा वर आल्यात. फोनवर विचारलं की म्हणतो, "बरी हाय, तुमी नका काळजी करू." माझे गाल मात्र थोडे उजळलेत. नातवाने ते ओळखलं.

भावाला परत त्याच दवाखान्यात न्यायचं आहे. त्या मुलीसमोर, त्या डॉक्टरांसमोर सांगायचं आहे की हा माझा धाकटा भाऊ, वय बावन्न, तुकडा काढून तपासा. हे मी अजून केलेलं नाही.