सखारामकाकांच्या खुंट्या

मंडळी, आज आमच्या महाडच्या कॉलेजात नॉर्वेहून दरडींचा अभ्यास करणाऱ्या मॅडम आल्या. त्यांच्या आणि आमच्या कॉलेजानं एकमेकांकडे कर्मचारी पाठवायचे, असा करार झालाय. आमच्याकडून पहिलं नाव माझं!

सत्कार उरकल्यावर त्यांनी विचारलं, "डोंगर सरकतोय हे गावाला कसं कळतं?" मी लॅपटॉपवर स्लाइड शोधत बसलो.

नारळाचं तबक धरून उभे असलेले आमचे शिपाई सखारामकाका पोलादपूरकडच्या डोंगरवाडीतले. ते म्हणाले, "भेग हाय तिथं दोन बाजूंना खुंट्या मारल्यात, मधी दोरी. दोरी ताणली की सगल्यांना खाली न्यायचं."

मी ते इंग्रजीत सांगितलं, तशी मॅडमनी वही काढली. जाताना म्हणाल्या, "आधी यांना पाठवा."

काकांचा पासपोर्टचा अर्ज मीच भरला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

काकांनी विचारलं, "सर, मी गेल्यावर खुंट्या कोण बघील?"

"मी."

उद्या सकाळी शिकायला डोंगरावर जातोय. सोबत कोण येतंय?