आईनं एकदा उपासना घेतली

आई लग्न होऊन घाटावरून रत्नागिरीला आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिच्या ट्रंकेत चार साड्या, पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आणि गीतांचं एक पुस्तक होतं. समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता आणि मासे तिला फक्त शास्त्रातून माहीत होते.

बाबा दवाखान्यात कंपाउंडर होते. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी हौसेनं डझनभर बांगडे आणले, ओट्यावर ठेवले आणि ड्यूटीवर निघून गेले. बांगड्यांचे डोळे उघडे होते, म्हणून आईनं त्यांच्यावर ताट झाकलं आणि लांब जाऊन बसली. दारावर मासे विकायला येणारी मावशी तेवढ्यात पाणी मागायला थांबली नसती, तर ते बांगडे मागच्या परसात पुरले गेले असते.

“अगो बाय, मेलेला हाय तो. चावणार नाय,” असं म्हणत मावशीनं डोक्यावरची पाटी उतरवली आणि आईला विळीपुढे बसवलं. ती मैत्री पुढं पन्नासेक वर्षं टिकली. शिमग्याला मावशीकडून पुरणपोळ्या यायच्या आणि नाताळात आमच्याकडून करंज्या जायच्या. दोघी एकमेकींच्या मुलांना सारख्याच हक्कानं रागवायच्या.

आमच्या घरी रविवारी कुणाला ताप येत नसे, म्हणजे यायची परवानगीच नव्हती. मी किंवा धाकटा भाऊ कण्हायला लागलो की आई कपाळाला हात लावून सांगायची, “देवळात पंख्याखाली बस, उतरेल.” ती देऊळ म्हणायची ते आमचं चर्च जांभ्या दगडाचं, कौलारू आणि लहानसं. सगळी मिळून चाळीस-पन्नास माणसं. बायका डावीकडे बसत, पुरुष उजवीकडे. आईची जागा दुसऱ्या बाकावर, खिडकीशी. तिचा आवाज दणदणीत होता आणि ती प्रत्येक गीत पेटीच्या अर्धी ओळ पुढं म्हणायची. पेटी वाजवणाऱ्या गुरुजींनी काही वर्षं तिला मागं खेचायचा प्रयत्न केला. शेवटी तेच तिच्या वेगानं वाजवायला लागले, त्यामुळे आमची उपासना नेहमी लवकर संपायची.

मी दहावीत होते तेव्हाची गोष्ट. पाळकसाहेब एका लग्नासाठी चिपळूणला गेले होते आणि रविवारी सकाळच्या एसटीनं परत येणार होते. सगळे जमले, घंटा झाली, पण पाळकसाहेबांचा पत्ता नाही. थोड्या वेळानं चर्चशेजारच्या घरी फोन आला. एसटी संगमेश्वरला बंद पडली होती आणि दुसरी गाडी कधी मिळेल ते सांगता येत नव्हतं. कमिटीतले तिघे पुढं जाऊन कुजबुजले. त्यात बाबाही होते. उपदेश द्यायला तिघांपैकी कुणीही तयार नव्हतं.

“आज नुसती प्रार्थना करू आणि घरी जाऊ,” कमिटीतले सर्वांत वडील गृहस्थ म्हणाले.

आई उठून उभी राहिली. “एवढी माणसं आंघोळी करून आली आहेत. पाच मिनिटांत परत पाठवायची?”

“मग उपदेश कोण देणार, वहिनी?”

“मी देते. इतकी वर्षं ऐकतेच आहे.”

तोवर आमच्या चर्चमध्ये कुठलीही बाई पुढं उभी राहून बोललेली नव्हती. बाबा वर कौलांकडे बघायला लागले. आईनं पदर सावरला, ती पुढं गेली आणि पुनरुत्थानानंतरचा समुद्रकाठचा प्रसंग उघडून वाचू लागली. शिष्य मासे धरायला गेलेले, हाती काही लागलेलं नाही, आणि पहाटे येशू काठावर उभा. पहिल्या दोन ओळी तिनं मान खाली घालून वाचल्या. मग ती पुस्तकातून वर बघून बोलायला लागली.

“बघा, नुकता मरणातून उठलेला प्रभू. त्याला काय कमी कामं होती? पण त्यानं स्वतः निखारे पेटवले. मासे भाजले, भाकर ठेवली आणि दमून आलेल्या माणसांना न्याहारीला बोलावलं. मला सांगा, इथं बसलेल्या पुरुषांपैकी किती जणांनी आजवर चूल पेटवून घरच्या माणसाला असं बोलावलंय?”

उजवीकडचे पुरुष गीतांची पुस्तकं चाळायला लागले. डावीकडे आधी एक बाई हसली, मग सगळ्याच. शेवटी गुरुजी पेटीवर डोकं टेकून हसायला लागले. आई मात्र गंभीर होती. पुढं ती मावशीबद्दल बोलली. परक्या गावात आपल्या ओट्याशी येऊन बसणारं माणूस देवानंच धाडलेलं असतं, असं ती म्हणाली आणि तिनं एकदम “आमेन” म्हणून टाकलं.

दुपारी पाळकसाहेब आले. त्यांच्या कानावर सगळं आधीच गेलं होतं. ते आमच्या घरी आले आणि म्हणाले, “बाई, पुढच्या महिन्यातही एक रविवार तुम्हीच घ्या.”

“नको,” आई म्हणाली. “जेवढं सांगायचं होतं तेवढं सांगून झालं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आमच्या आधी उठले. पोहे त्यांनी इतके भिजवले होते की त्यांचा लगदा झाला होता. आईनं दोनदा मागून खाल्ले. बाबा गेले तोपर्यंत सोमवारची न्याहारी त्यांचीच असायची आणि पोहे शेवटपर्यंत त्यांना जमले नाहीत.

लॉकडाऊन आला तेव्हा आई सत्त्याऐंशीची होती आणि उपासना फोनवर आली होती. ती इस्त्रीची साडी नेसून, पावडर लावून फोनसमोर बसायची. प्रार्थनेला उभंही राहायची. आपला आवाज सगळीकडे ऐकू जातो हे तिला कितीदा सांगितलं तरी पटत नव्हतं. एका रविवारी ऐन उपदेशात मावशीची सून मासे घेऊन दारात आली आणि सगळ्या मंडळीनं आईचा आवाज ऐकला, “सरंगा ताजा आहे का गं? गेल्या खेपेचा नव्हता!” नवे, तरुण पाळकसाहेब उपदेश थांबवून म्हणाले, “आजी, आमच्यासाठीही एक ठेवा.”

ती एक्याण्णव वर्षं जगली. शेवटच्या रविवारी रिक्षानं चर्चला गेली, उपदेशभर झोपली आणि बाहेर पडताना पाळकसाहेबांना म्हणाली, “आज फार छान बोललात.” त्यानंतरच्या मंगळवारी, जेवून आडवी झाली ती उठलीच नाही.

आपल्या मातीला काय गायचं ते तिनं भावाला आधीच बजावून ठेवलं होतं. रडकं काही नको, नाताळचं गीत गा, तेवढं एकच लहानथोर सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे ऐन मे महिन्यात, घामानं निथळत, आम्ही दफनभूमीत उभं राहून ख्रिस्तजन्माचं गीत गायलो. रविवारच्या शाळेतली मुलं सवयीनं टाळ्या वाजवायला लागली. मी त्यांना गप्प करणार होते, पण पाळकसाहेबही वाजवत होते. रस्त्यावरून आंब्याच्या पेट्या घेऊन जाणारा एक टेम्पो थांबला. चालकानं खिडकीतून मान काढून विचारलं, “लग्न आहे का हो?”

भावानं डोळे पुसले आणि त्याला सगळं समजावून सांगितलं. तोही खाली उतरला आणि आमच्याबरोबर माती टाकून मगच गेला.