दोन डाकू आणि सुईमावशी

सुईमावशींचा हात हलका, जीभ मात्र सैल. बावीस वर्षं त्या दवाखान्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत मुलांचं रक्त काढत बसल्या होत्या. शीर सापडली नाही की त्या शिरेलाच झापायच्या, "अगं ए, पाहुणे दारात उभे, आणि तू आत लपून बसलीस?" मूल खुदकन हसायचं आणि तेवढ्यात काम उरकलेलं असायचं.

गुरुवार एचआयव्ही असलेल्या मुलांचा. त्या दिवशी बाहेर कोणाचं खरं नाव पुकारायचं नाही, असा तिथला नियम होता. भिंतींना कान असतात आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना तर दोन-दोन असतात. म्हणून मुलं दारातच त्या दिवसापुरतं एखादं नाव निवडायची आणि नोंदणीच्या ताई ते वहीत नंबरापुढे लिहायच्या. मग "हत्ती, आत या!" अशी हाक यायची आणि काडीसारखी एक मुलगी ऐटीत उठायची. मावशी रक्ताच्या ट्यूबवर पेनाने तेच नाव लिहायच्या आणि सगळं संपल्यावर वही बघून नंबराचे स्टिकर लावायच्या. आधी स्टिकर, मग सुई, असं डॉक्टरीणबाईंनी दहादा बजावलं होतं. मावशींचं उत्तर ठरलेलं, "आजवर कधी चुकलंय का?" नव्हतं चुकलं, हेही खरंच.

त्या गुरुवारी सगळ्याच मुलांची हिपॅटायटिसची तपासणी होती. एका विषाणूने घर केलं की दुसराही गुपचूप यकृतात येऊन बसलाय का, हे बघावं लागतं. तो वर्षानुवर्षं हूं की चूं करत नाही.

शेवटून दुसरी आली 'डाकू'. पंधरा वर्षांची, कपाळावर कायमची आठी. मध्ये दोन महिने तिने गोळ्या बंद केल्या होत्या आणि दवाखान्याकडे पाठ फिरवली होती. आत्याने हातापाया पडून कशीबशी आणलेली. खुर्चीत बसताच तिने अट घातली.

"एकच सुई. दुसरी टोचलीत, तर या दारात परत पाऊल टाकणार नाही."

"एकच. माझा शब्द," मावशी म्हणाल्या.

मावशी नवऱ्याशी खोटं बोलत, नणंदेशी तर आवडीने बोलत. पण त्या खुर्चीतल्या मुलाला दिलेला शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. डाकूने पापणीही न हलवता रक्त दिलं आणि ती निघून गेली.

तिच्या मागचा होता सात वर्षांचा 'ससा'. त्याने दारातून सगळं बघितलं होतं.

"मी आता ससा नाही," तो छाती काढून म्हणाला. "मीपण डाकू."

"बसा, डाकूसाहेब," मावशी म्हणाल्या आणि कौतुकाच्या भरात त्यांनी ट्यूबवर लिहिलंही तेच.

स्टिकर लावायला बसल्या तेव्हा समोर दोन डाकू. मावशींनी ट्यूब उजेडात धरल्या, उलट्यासुलट्या केल्या, वासही घेतला. रक्त काही बोलेना. एक स्टिकर इकडे, एक तिकडे, ठोकून मोकळं व्हावं, असं क्षणभर मनात आलं. कोणाला कळणार होतं? पण आजार एकाला आणि उपचार दुसऱ्याला झाले तर? त्या उठल्या आणि डॉक्टरीणबाईंसमोर उभ्या राहिल्या.

"बाई, झापा मला."

बाईंनी मनापासून झापलं. मग दोन्ही ट्यूब बाद केल्या आणि म्हणाल्या, "दोघांचं परत घ्या. तुम्हीच सांगा त्यांना."

दोन्ही डाकू अजून औषधांच्या खिडकीपाशी होते. मावशींनी काहीही न लपवता चूक सांगितली. मुलीची आठी आणखी खोल गेली.

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. आता मोडतेय. चूक माझी आणि टोचणार तुला. मला फार वाईट वाटतंय गं."

आत्या तोंड उघडणार, तोच मुलीने विचारलं, "तुम्हाला कधी कोणी टोचलंय?"

मावशींचा चेहरा पडला. मागून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी सूड उगवला. "यांना? हिपॅटायटिस बीची लस घ्या म्हणून बावीस वर्षं मागे लागलोय. दर वेळी यांचा पाय मुरगळतो."

"मग आधी तुम्ही," मुलगी म्हणाली.

मावशी स्वतःच्याच खुर्चीत बसल्या. आधी पाणी मागितलं. मग खिडकी लावायला सांगितली, मग उघडायला. तीनपर्यंत मोजा म्हणाल्या आणि दोनला "थांबा!" म्हणून ओरडल्या. छोट्या डाकूने त्यांचा गुडघा थोपटला.

"मुंगी चावते फक्त. हात सैल सोडा बरं, शहाण्या ना तुम्ही?"

डॉक्टरीणबाईंच्या हातातली सुई अजून हवेतच होती, तोवर मावशींनी अशी किंकाळी फोडली की वरच्या मजल्यावरचे हिशेबनीस आग लागली समजून जिन्यात आले. मुलगी पोट धरून हसली. डोळे पुसत तिने स्वतःहून बाही वर केली.

पुढच्या आठवड्यात निकाल आले. छोट्या डाकूचं यकृत ठणठणीत निघालं. मुलगी डॉक्टरीणबाईंकडून थेट मावशींच्या खोलीत आली.

"एक भाडेकरू होता, आता दुसरा सापडला. बहुतेक जन्मापासूनचाच. फुकटे कुठले!"

"बाई काय म्हणाल्या?"

"माझ्या रोजच्या गोळीत दोघांवरचं औषध आहे. पण मनाने बंद केली, तर हा दुसरा यकृतावर उठतो म्हणे. ते दोन महिने... माहीतच नव्हतं मला."

मावशींना एक चांगला विनोद करायचा होता. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तो सुचला नाही. त्यांनी तिचा हात धरला. मुलीने तो हळूच सोडवून घेतला आणि परत येते असं न म्हणताच ती गेली. पुढचे तीन आठवडे मावशी धास्तावलेल्या होत्या. ही पोर आली नाही तर?

लस घेतल्याला महिना झाला, त्या ठरलेल्या गुरुवारी, मावशींचा पाय सकाळपासूनच मुरगळू लागला. लसीची दुसरी सुई टोचायच्या आत अर्ध्या दिवसाची रजा टाकून सटकावं, म्हणून त्यांनी पिशवी उचलली आणि दार उघडलं. दारात ती उभी होती. आत्या सोबत नव्हती.

"अगं, तू? गोळ्या घ्यायला आलीस?"

"त्या केव्हाच घेतल्या. तुमचा दुसरा डोस आहे ना? पळाल म्हणून लवकर आले."

मावशींनी मुकाट्याने पिशवी खाली ठेवली.

"आणि तिसरा पाच महिन्यांनी," मुलगी खुर्ची पुढे सरकवत म्हणाली. "तोवर दर महिन्याला मी इथेच आहे. बसा."