व्हाइटनर नेणारी पोरं

अंबरनाथला कामगार वस्तीत माझं स्टेशनरीचं दुकान आहे. गेल्या वर्षी कॉलेजची एक मुलगी व्यसनमुक्तीची पत्रकं वाटत आली. ओढणीने घाम पुसताना तिला फळीवरच्या व्हाइटनरच्या बाटल्या दिसल्या.

“काकू, हे कोण नेतं?”

“शाळेतली पोरं. रोज येतात.”

“सोबत वही नेतात का?”

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. वही कुणीच नेत नव्हतं. पोरं ते हुंगून नशा करत होती, आणि विकत होते मी.

“तुम्हाला माहीत नव्हतं ना,” एवढंच हळू म्हणून ती पुढच्या दुकानात गेली.

दुसऱ्या दिवशी त्या पोरांतल्या एकाला मी हाताला धरून त्याच्या आईकडे नेलं. आता तो सुधारलाय. त्याची आई माझे आभार मानते, तेव्हा मला ओशाळल्यासारखं होतं. ते आभार त्या मुलीचे आहेत, आणि मी तिचं नावही विचारलं नाही.