पोत्यावर उभं राहून

सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ असते. ती शाबूत असेल तोवर बुरशीला आत शिरणं जड जातं. हे मी माझ्या नावानिशी वर्तमानपत्रात लिहिलं आहे. त्या बातमीत एक माहिती नव्हती. ती इथे देतो.

माझी थोरली बहीण, आक्का, फुलंब्रीजवळ शेती करते. घरचं बियाणं राखण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नाही. माझ्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या भावाने, पिशोरहून तिच्याकडे एक पोतं मागितलं. देण्याआधी तिने शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहिले. अठ्ठ्याऐंशी उगवले. पोतं शहरात माझ्या घरी आणायचं काम माझ्याकडे आलं; तिथून मेहुणा माणूस पाठवून नेणार होता.

"आपटायचं नाय," गाडीत ठेवताना ती म्हणाली. "खाली फळी टाक. अन् वर बसू नको, हापिसातली खुर्ची नाय ती."

लिफ्ट बंद होती. मी पोतं तिसऱ्या मजल्यावर चढवलं आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर खांद्यावरून खाली सोडलं. आठ दिवस ते बाल्कनीत होतं, वॉशिंग मशीनशेजारी, ओल्या फरशीवर. पडद्याचा दांडा निखळला तेव्हा स्टूल शोधायचा कंटाळा केला. पोत्यावर उभा राहिलो. पायाखाली दाणे करकरले. मग मेहुण्याचा सालगडी, पन्नाशीचा माणूस, येऊन पोतं घेऊन गेला.

पेरणीनंतर मेहुण्याने मला शेतात नेऊन माती उकरून दाखवली. दाणे मऊ पडलेले, वर पांढरी बुरशी, कुजका वास.

"दाजी, राग मानू नका. पण आक्काचं रान बघा, हिरवंगार. चांगलं बी घरी ठेवलं अन् जुनं आमच्या गळ्यात मारलं."

"चौकशी करतो," मी म्हणालो.

केलीही. उरलेले मूठभर दाणे पिकांच्या रोगांवर काम केलेल्या एका निवृत्त शास्त्रज्ञांना दाखवले. त्यांनी ते वाटीभर पाण्यात टाकले. दहा मिनिटांत निम्मे फुगून सुरकुतले. त्यांची साल तडकलेली होती. नुसत्या डोळ्यांना ते दिसलं नव्हतं. तड्यांतून पाणी एकदम आत जातं, आतली साखर बाहेर पाझरते आणि मातीतली बुरशी तिच्यावर जमते, असं त्यांनी सांगितलं.

"सालीतून वाट काढायची तर बुरशीला ती आधी विरघळवावी लागते. इथं तिचं काम कुणीतरी करून ठेवलंय. पोतं कुणी हाताळलं?"

"वाहतुकीत झालं असेल," मी म्हणालो आणि वहीत तसंच लिहिलं.

बातमी छापून आली. आक्का कात्रण घेऊन पिशोरला निघाली, मलाही सोबत नेलं. मेहुण्याच्या ओसरीवर तिने ते मोठ्याने वाचलं.

"ऐकलं? बी जुनं नव्हतं. कुणीतरी आपटलं."

"आक्का, आणलं तर दाजींनीच."

"त्याला मी बजावलं व्हतं. तो नाय आपटायचा. तुमच्या गड्याला इचारा."

गडी पायरीवर बसला होता. "म्या तर गुडघं टेकून उतरवलं, आक्का," तो म्हणाला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. उचलताना पोत्याचा तळ त्याच्या हाताला ओला लागला होता. ते त्याला ठाऊक होतं आणि मलाही.

"तुम्हीच सांगा, दाजी," मेहुणा म्हणाला.

"खात्री केल्याशिवाय सांगता येणार नाही." हे वाक्य मी नोकरीत अनेकदा वापरलं आहे. खात्री असताना पहिल्यांदाच वापरलं.

मेहुण्याने आक्काची माफी मागितली. परतताना ती गाडीत माझ्या बातमीचं कौतुक करत होती.

यंदाही तिने पिशोरला बी दिलं. "तूच नेऊन दे, त्या गड्याच्या हाती नको," म्हणाली. मी खाली फळी टाकून पोतं थेट पिशोरला नेलं आणि ओसरीवर गुडघे टेकून उतरवलं. गडी मदतीला पुढे आला. मेहुण्याने त्याला हात लावू दिला नाही.