तिसऱ्या भावाची सही

परवानगी मागण्यासाठीच जन्माला आलेला माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे मी शिकवत होतो त्या शिरूरच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर. रानोमाळ उभी असलेली पडकी देवळं आणि लढाईत पडलेल्यांच्या आठवणीला उभे केलेले वीरगळ वहीत उतरवून ठेवायचे, एवढंच त्यांचं व्यसन. पण मालकाच्या होकाराशिवाय ते कुणाचा बांध ओलांडत नसत. चपला काढून, टोपी हातात धरून उन्हात उभे. कासुर्डीचा एक मालक गावाला गेला होता, तर हे दोन रविवार बांधावरूनच परतले. मालकाचं कुत्रं त्यांना ओळखायला लागलं, मालकाला मात्र त्यांचा पत्ताही नव्हता.

हा भित्रेपणा नव्हे, हे मला उशिरा कळलं. वही-पट्टीवाला माणूस रानात दिसला की कुणीतरी गुपचूप मोजणी आणली, असा संशय भावाभावांत शिरतो. मास्तरांमुळेच एका घरात असा संशय शिरला होता आणि दोन चुली झाल्या होत्या. तेव्हापासून सातबाऱ्यावर जितकी नावं तितक्या परवानग्या, हा त्यांचा कायदा. मी त्यावरून त्यांची यथेच्छ टिंगल करत असे.

बहात्तरच्या दुष्काळात केंदूरच्या एका रानात त्यांना वीरगळ दिसला. बांधावरून फक्त वरचे चंद्र-सूर्य आणि पिंडीपुढे बसलेला वीर दिसत होता. तो लढला कसा, पडला कसा, ते सगळं खाली मातीत. रान तिघा भावांचं. थोरल्यानं आणि मधल्यानं कागदावर अंगठे उठवले. धाकटा दौंडला रेल्वेत खलाशी, आणि त्याचं थोरल्याशी बोलणं बंद. मी म्हटलं, "मास्तर, मारा उडी, उकरा माती. कोण बघतंय?"

"ज्याला विचारलं नाही तो बघतोय, असं वाटत राहतं मला," ते म्हणाले आणि दौंडच्या एस.टी.त बसले.

धाकटा पहिल्यांदा भेटला नाही, दुसऱ्यांदा भेटून बोलला नाही. तिसऱ्या खेपेला त्याच्या दारात दुपारपर्यंत बसून मास्तरांनी सही आणली. त्या आनंदात, एरवी पै न पै जपणाऱ्या मास्तरांनी मला चहा पाजला. शाळेत हे कुणालाही खरं वाटलं नाही.

रविवारी आम्ही दोघं केंदूरला गेलो. वीरगळाच्या जागी खड्डा होता. शेजारी थोरला बसला होता, बोटांना चिंध्या बांधलेल्या. दुष्काळी कामावर रोज दगड फोडून खडीचं माप भरून द्यावं लागे, तरच मजुरी.

"चार दिस माप भरत नव्हतं, गुरुजी. बायकोच्यानं उठवंना. ह्योच दगड जवळ व्हता."

मास्तर खाली बसले. त्यांनी एवढंच विचारलं, "खाली काय कोरलं होतं?"

त्यानं खड्ड्याकडे पाहिलं. "बघितलंच न्हाई. घण मारताना डोळं मिटलं व्हतं म्या."

मास्तरांनी आमची शिदोरी सोडून त्याच्यापुढे ठेवली. मग धाकट्याची सही दाखवली. त्याला वाचता येत नव्हतं. भावाच्या अक्षरावरून तो नुसतं बोट फिरवत राहिला.

मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची वही आता माझ्याकडे असते. त्या पानावर चंद्र-सूर्य आहेत, पिंड आहे, वीर आहे. खालचा निम्मा कागद कोरा. अंदाजानं भरा, असं मी कितीदा तरी म्हटलं होतं, पण न पाहिलेलं ते काढत नसत. समोरच्या पानावर दोन अंगठ्यांचा आणि एका सहीचा तो कागद चिकटवलेला आहे. पान उघडलं की मला माझाच राग येतो. बांधावर उभे होतो त्या दिवशी मी 'मारा उडी' असं नुसतं बोललो. मास्तरांना बांधावरून आत ढकलून द्यायला हवं होतं.